न लढता जिंकणारा सरदार

बालमित्रांनो, ‘कॉन्स्टेबल’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? खाकी कपड्यांतला, चौकात उभा राहिलेला पोलीस, हो ना? पण साडेसहाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कुणी ‘कॉन्स्टेबल’ म्हटलं, की भलेभले सरदार मान लववून उभे राहत. कारण तिथला कॉन्स्टेबल म्हणजे सरसेनापती! सैन्यावर राजाच्या खालोखाल हुकूम चालायचा तो त्याचाच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे ‘तबेल्याचा प्रमुख’. घोडे सांभाळणारा अधिकारी चढत चढत सेनापती झाला, आणि त्याच्या हुद्द्याचं नाव मात्र उतरत उतरत आपल्या पोलीस चौकीपर्यंत येऊन पोहोचलं. आहे की नाही गंमत?

हा एवढा मोठा हुद्दा फ्रान्समध्ये नेहमी बड्या घराण्यांतल्या माणसांना मिळे. राजाचे भाऊबंद, मोठमोठे जमीनदार अशांना. पण १३७० साली फ्रान्सच्या राजाने तो दिला एका आडगावच्या, साध्या घराण्यातल्या, दिसायला अगदीच ओबडधोबड माणसाला. त्याचं नाव बर्ट्रांड द्यु गेक्लँ. नाव उच्चारायला जरा कठीण आहे, म्हणून आपण त्याला नुसतं बर्ट्रांडच म्हणू या.

राजाने त्यालाच का निवडलं? कारण त्याला एक गोष्ट कळली होती. फ्रान्सचे बडे बडे सरदार दोन वेळा सपाटून मार खाऊनही ती शिकले नव्हते. ती कोणती, हे समजायला आपल्याला त्याच्या लहानपणापासून सुरुवात करायला हवी.

कुणालाच न आवडणारा मुलगा

घरात नकाशाचं पुस्तक असेल तर फ्रान्सचं पान उघडा. पश्चिमेला समुद्रात घुसलेला एक लांबट भाग दिसेल. तो ब्रिटनी. तिथे दिनाँ नावाच्या गावाजवळच्या एका गढीत १३२० च्या सुमाराला बर्ट्रांडचा जन्म झाला. वडील रॉबर्ट हे लहानसे सरदार. घराणं खानदानी, पण खजिना बेताचाच. बर्ट्रांड घरातला थोरला मुलगा.

थोरला मुलगा म्हणजे घरात लाडका असणार, असं तुम्हाला वाटेल. पण इथे उलटंच होतं. काळसर रंग, बसकं नाक, रुंद खांदे, आखूड पाय. बर्ट्रांडच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत क्युव्हेलिए नावाच्या कवीने त्याच्या आयुष्यावर एक भलंमोठं काव्य लिहिलं. त्यात तो म्हणतो, की रेन शहरापासून दिनाँपर्यंत शोधलं तरी याच्याइतकं कुरूप पोर सापडलं नसतं. आपल्या नायकाविषयी कवीनेच असं लिहावं म्हणजे बघा! त्याच्या आईवडिलांनाही तो नकोसा वाटे, असं हे काव्य सांगतं.

त्यातलीच एक गोष्ट. बर्ट्रांड सहा वर्षांचा होता. आई धाकट्या मुलांना घेऊन मेजावर जेवायला बसली होती, आणि बर्ट्रांडला मात्र बाजूला वेगळं बसवलं होतं. तो चिडला, उठला, मेजापाशी गेला आणि भावांना म्हणाला, की मी थोरला, ही जागा माझी. भाऊ सरकले, पण आई रागावली. झालं! पोराने अख्खं मेजच उलथून टाकलं. ताटं, वाट्या, मांस, पाव, सगळं जमिनीवर! त्या वेळी घरी एक जोगीण आली होती. तिने म्हणे या हट्टी पोराचा हात पाहिला आणि सांगितलं, की याला जपा, या घराचं नाव हाच मोठं करणार आहे.

ही गोष्ट अगदी अशीच घडली असेल का? कवी आपल्या नायकाच्या गोष्टी थोड्या फुगवून सांगतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पण एवढं मात्र खरं, की बर्ट्रांड धुसमुसळा होता. गावातल्या पोरांच्या टोळ्या करायचा, लुटुपुटीच्या लढाया लावायचा आणि कपडे फाडून, नाक फोडून घेऊन घरी यायचा. शिकवायला आलेले गुरुजी हात टेकून निघून जात.

अनोळखी स्वार

१३३७ साली रेन शहरात मोठा लग्नसोहळा होता. ब्रिटनीच्या ड्यूकची पुतणी जीन हिचं लग्न ब्लुआच्या चार्ल्सशी व्हायचं होतं. लग्नानिमित्त सरदारांच्या भाल्यांच्या झुंजी ठेवल्या होत्या. दोन स्वार समोरासमोरून घोडे फेकत येतात, आणि लांब भाल्याने एकमेकांना घोड्यावरून खाली पाडायचा प्रयत्न करतात, असा हा खेळ. चिलखत असलं तरी हाडं मोडायची, कधी जीवही जायचा.

सतरा वर्षांचा बर्ट्रांडही तिथे गेला, पण शेताच्या कामाच्या मरतुकड्या घोड्यावर बसून! लोक त्याला हसले. वडील झुंजीत उतरलेले, आणि हा कठड्याबाहेर उभा राहून बघतोय. तेवढ्यात त्याचा एक नातेवाईक झुंज आटोपून मुक्कामावर परत निघाला. बर्ट्रांड त्याच्या मागोमाग गेला आणि त्याचा घोडा नि चिलखत मागून घेतलं. मग तोंडावर लोखंडी टोप ओढून मैदानात उतरला.

एक पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. हा कोण स्वार, म्हणून लोक माना उंच करून बघू लागले. इतक्यात समोर आला एक सरदार, आणि त्याच्या ढालीवरची खूण बर्ट्रांडने ओळखली. ते त्याचे वडील होते! त्याने भाला खाली केला, आदराने मान लववली आणि बाजूला झाला. बघणारे चकित झाले. हा घाबरला म्हणावं, तर पुढच्याच झुंजीत त्याने आणखी एकाला लोळवलं! शेवटी कुणाच्या तरी भाल्याने त्याचा टोप उडाला, आणि चेहरा दिसला. ज्या पोराची लाज वाटत होती, त्याला वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा अभिमानाने जवळ घेतलं.

ही गोष्टही क्युव्हेलिएच्याच काव्यातली. पण फ्रान्समधल्या मुलांना ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

फ्रान्सचं काय चुकत होतं?

नेमकं १३३७ सालीच फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड म्हणू लागला, की फ्रान्सच्या गादीवरही माझाच हक्क आहे. ही भांडणं मधून मधून थांबत, पुन्हा पेटत, १४५३ पर्यंत चालली. म्हणून इतिहासात याला ‘शंभर वर्षांचं युद्ध’ म्हणतात. हिशोब केलात तर ती एकशे सोळा वर्षं भरतील!

फ्रान्स मोठा देश. माणसं जास्त, पैसा जास्त, नावाजलेले घोडेस्वार जास्त. तरी तो हरत होता. का?

फ्रेंच सरदारांची लढण्याची एकच रीत होती. चिलखत घालायचं, घोड्यावर बसायचं आणि शत्रू दिसला की सरळ त्याच्यावर तुटून पडायचं. थांबणं, वाट बघणं, मागे सरणं म्हणजे भित्रेपणा! इंग्रजांना हे चांगलं ठाऊक होतं. ते सोयीची जागा पकडून उभे राहत. त्यांच्याकडे माणसाच्या उंचीएवढी धनुष्यं असणारे तिरंदाज होते. घोडे अंगावर आले, की बाणांचा पाऊस! १३४६ साली क्रेसीला असंच झालं. दहा वर्षांनी, १३५६ मध्ये, प्वातिएला पुन्हा मोठा पराभव झाला. या वेळी तर फ्रान्सचा राजा जॉन हाच इंग्रजांच्या हाती सापडला. शेवटी १३६० च्या तहात देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग इंग्लंडला द्यावा लागला.

आता ब्रिटनीकडे वळू. तिथे १३४१ मध्ये ड्यूक वारला आणि गादीसाठी दोघे भांडू लागले. एक आपला लग्नातला नवरदेव, ब्लुआचा चार्ल्स. त्याच्यामागे फ्रान्स. दुसरा माँफोर्टचा जॉन. त्याच्यामागे इंग्लंड. बर्ट्रांड चार्ल्सच्या बाजूने उतरला. पण त्याच्यापाशी ना पैसा होता, ना मोठी फौज. सोबत होते ते जंगलात राहणारे, पायी चालणारे, त्याच्यासारखेच फाटके गडी. अशा माणसांना घेऊन उघड्या मैदानावर कसं लढणार? मग तो वेगळ्याच तऱ्हेने लढू लागला. त्या तऱ्हेला आपल्या मराठीत फार सुंदर नाव आहे, गनिमी कावा!

मोळ्या आणि डुकरं

फूजेरे नावाचा एक किल्ला इंग्रजांकडे होता. गोष्ट अशी सांगतात, की बर्ट्रांड आणि त्याचे साथीदार लाकूडतोड्यांचे वेष घेऊन, पाठीवर मोळ्या लादून दरवाज्याशी आले. आतल्या लोकांना सरपण हवंच होतं. त्यांनी खंदकावरचा पूल खाली सोडला. या ‘लाकूडतोड्यांनी’ मोळ्या बरोबर पुलावरच टाकल्या. आता पूल वर उचलणार कसा? मोळ्यांतून हत्यारं निघाली, मागे दडलेले लोक धावत आले, आणि किल्ला पडला.

१३५६ च्या ऑक्टोबरात इंग्रज सेनापती, लँकेस्टरचा ड्यूक, याने रेन शहराला वेढा घातला. वेढा नऊ महिने चालला. शहरात अन्न संपत आलं. तेव्हा इंग्रजांनी एक युक्ती केली. डुकरांचा मोठा कळप तटासमोर चरायला सोडला. भुकेले लोक डुकरं पकडायला बाहेर आले, की आत शिरायचं, असा बेत! पण शहरातली माणसं त्यांच्याहून बेरकी निघाली. त्यांनी दरवाज्यात एक डुकरीण उलटी टांगली. ती जिवाच्या आकांताने ओरडू लागली. तिचं ओरडणं ऐकून सगळा कळप धावत सुटला तो थेट शहरात! दरवाजा बंद, आणि शहराला आयती मेजवानी. ड्यूकसाहेब बघतच राहिले.

या वेढ्यात बर्ट्रांड बाहेरून इंग्रजांना हैराण करत होता. रात्री छापा घाल, रसद लुटून शहरात पोचव, असं चाललं होतं. शेवटी १३५७ च्या जुलैत ड्यूक पैसे घेऊन वेढा उठवून गेला. शहर वाचलं. तोवर बर्ट्रांड सदतीस वर्षांचा झाला होता. तुरुंगात असलेल्या राजाच्या जागी त्याचा मुलगा चार्ल्स कारभार पाहत होता. त्याच्या कानावर बर्ट्रांडचं नाव गेलं.

हा राजपुत्र चार्ल्स तब्येतीने नाजूक होता. तो हाती तलवार घेऊन लढणारा नव्हता, पुस्तकांत रमणारा होता. १३६४ च्या एप्रिलमध्ये वडील वारले आणि तो पाचवा चार्ल्स म्हणून राजा झाला. राज्याभिषेक १९ मे ला ठरला. त्याच्या तीनच दिवस आधी, १६ मे ला, बर्ट्रांडने कोशेरेल इथे शत्रूचा पराभव केला. तोही कसा? शत्रू टेकडीवर पक्का बसला होता, खाली उतरेना. बर्ट्रांडने आपल्या फौजेला माघार घेतल्याचं नाटक करायला लावलं. शत्रू खुशीत टेकडी उतरला, आणि हे वळले! नव्या राजाला याहून चांगली भेट कोणती मिळणार?

दोन पराभव

पण दोस्तांनो, बर्ट्रांड नेहमी जिंकत गेला असं समजू नका. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ब्रिटनीत ऑरे इथे उघड्या मैदानावर लढाई झाली. चार्ल्स मारला गेला आणि ब्रिटनी हातची गेली. बर्ट्रांडच्या हातातली सगळी हत्यारं मोडली, तेव्हा त्याने इंग्रज सरदार जॉन चँडोस याच्यापुढे शरणागती पत्करली. फ्रान्सच्या राजाने मोठी खंडणी भरून त्याला सोडवलं.

त्या काळी ही रीतच होती. लढाईत सरदार सापडला की त्याला मारत नसत, पकडत. मग त्याच्या घरच्यांकडून पैसे घ्यायचे आणि सोडायचं. साध्या शिपायाला मात्र ही सवलत नव्हती बरं का. त्याच्यासाठी पैसे कोण देणार? तो बिचारा मारलाच जाई.

यानंतर राजाने बर्ट्रांडवर एक विचित्र कामगिरी सोपवली. तह झाल्यावर हजारो भाडोत्री शिपाई बेकार झाले होते. ते टोळ्या करून फ्रान्सची गावंच्या गावं लुटत होते. त्यांना देशाबाहेर न्यायचं होतं. बर्ट्रांड १३६५ च्या अखेरीस त्यांना घेऊन स्पेनमध्ये गेला. तिथल्या कॅस्टील राज्यात राजा पेद्रो आणि त्याचा सावत्र भाऊ हेन्री यांची भांडणं चालली होती. बर्ट्रांडच्या मदतीने हेन्री गादीवर बसला. पेद्रो पळाला तो थेट इंग्लंडचा युवराज एडवर्ड याच्याकडे. याला ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणतात. प्वातिएची लढाई जिंकणारा तो हाच. तो मोठी फौज घेऊन स्पेनमध्ये उतरला.

बर्ट्रांडने हेन्रीला सल्ला दिला, की समोरासमोर लढू नकोस. डोंगरी वाटा रोखून धर, धान्य मिळू देऊ नकोस, शत्रू उपाशी मरू लागला की आपोआप परत जाईल. फ्रान्सच्या राजाचंही तेच मत होतं. पण हेन्रीला वाटलं, की राजा असून मी लपून बसलो तर लोक काय म्हणतील? तो मैदानात उतरला. ३ एप्रिल १३६७ ला नाहेरा इथे त्याचा धुव्वा उडाला. हेन्री निसटला. ज्याने लढू नको म्हणून सांगितलं होतं, तो बर्ट्रांड मात्र शेवटपर्यंत लढला आणि पुन्हा कैद झाला.

खंडणी किती? तूच सांग!

बोर्डो शहरात बर्ट्रांड ब्लॅक प्रिन्सचा कैदी होता. प्रिन्स त्याला सोडायला तयार नव्हता. हा सुटला तर पुन्हा डोकेदुखी! पण लोक कुजबुजू लागले, की प्रिन्स बर्ट्रांडला घाबरतो. ते प्रिन्सला झोंबलं. त्याने बर्ट्रांडला बोलावून सांगितलं, की तुझी खंडणी तूच ठरव. एखादं नाणं म्हणालास तरी सोडीन.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? अगदी थोडी रक्कम सांगून सटकला असता की नाही? बर्ट्रांडने आकडा सांगितला, एक लाख सोन्याची नाणी! प्रिन्स थक्क झाला. एवढे पैसे आणणार कुठून? बर्ट्रांड म्हणाला, की कॅस्टीलचा हेन्री देईल, फ्रान्सचा राजा देईल, आणि दोघांनी नाही दिले तर फ्रान्समधली चरख्यावर सूत कातणारी प्रत्येक बाई माझ्या सुटकेसाठी सूत कातेल.

कमी रक्कम सांगितली असती तर आपली किंमतच कमी ठरली असती, असा त्याचा बाणा. ऐट म्हणा, खानदानी अभिमान म्हणा. पण त्या उत्तरात सूत कातणाऱ्या बायका आल्या, हे लोक विसरले नाहीत. राजेराजवाड्यांच्या कैफियतीत गरीब घरातल्या बायांची आठवण सहसा कुणी काढत नसे. १३६८ मध्ये पैसे भरले गेले आणि तो सुटला. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये जाऊन त्याने हेन्रीला पुन्हा गादी मिळवून द्यायला मदत केली.

सरसेनापती बर्ट्रांड

१३६९ मध्ये फ्रान्स-इंग्लंड युद्ध पुन्हा सुरू झालं. आणि २ ऑक्टोबर १३७० ला पाचव्या चार्ल्सने बर्ट्रांडला फ्रान्सचा कॉन्स्टेबल केलं. तो आधी नकोच म्हणत होता. राजाच्या भावांवर, चुलतभावांवर माझ्यासारख्या लहान माणसाने हुकूम कसा चालवायचा, असं त्याचं म्हणणं. राजाने सांगितलं, की तुझी आज्ञा जो मोडेल, त्याची गाठ माझ्याशी आहे.

दोनच महिन्यांत, ४ डिसेंबरला, त्याने पाँव्हालँ इथे चमत्कार केला. इंग्रजांची फौज थंडीसाठी पांगली होती. सेनापतींचं आपसात जमत नव्हतं. बर्ट्रांडने कडाक्याच्या थंडीत रात्रभर घोडी दामटली. तो अजून लांब आहे अशा समजुतीत असलेल्या इंग्रजांवर त्याने अचानक झडप घातली आणि त्यांचा सरदार पकडला.

मग सुरू झाली त्याची खरी लढाई, म्हणजे न लढण्याची लढाई! शत्रूची मोठी फौज आली, की किल्ल्यांचे दरवाजे बंद करायचे आणि तिला पुढे जाऊ द्यायचं. मागे राहिलेल्यांना टिपायचं, रसद तोडायची. ती फौज थकून परत गेली, की एकेक शहर, एकेक किल्ला परत घ्यायचा. कुठे वेढा घालून, कुठे नुसती बोलणी करून. जून १३७२ मध्ये ला रोशेलजवळ कॅस्टीलच्या आरमाराने इंग्रजांची जहाजं बुडवली. हे आरमार कुणाचं? ज्याला बर्ट्रांडने गादी मिळवून दिली होती, त्या हेन्रीचं! स्पेनमधल्या त्या त्रासाचं फळ असं मिळालं. त्याच वर्षी प्वातिए शहराने बर्ट्रांडला दरवाजे उघडून दिले.

१३७३ मध्ये इंग्लंडच्या राजाचा एक मुलगा, जॉन ऑफ गाँट, मोठी फौज घेऊन उत्तरेच्या कॅले बंदरापासून निघाला आणि जवळजवळ पाच महिने फ्रान्सभर फिरत बोर्डोला पोहोचला. त्याला एकच गोष्ट हवी होती. फ्रेंचांनी एकदा तरी मैदानात यावं! ते आलेच नाहीत. भूक, थंडी, आजार आणि छापे यांनी त्याची माणसं नि घोडे वाटेतच गळाले. बोर्डोत शिरताना कित्येक सरदार पायी चालत होते.

पण आता एक कठीण प्रश्न विचारतो. ती फौज पाच महिने फिरत होती, तेव्हा वाटेतल्या खेड्यांचं काय झालं? राजा आणि सेनापती तटाच्या आत सुरक्षित होते. शेतकऱ्यांची घरं मात्र जळत होती, पिकं तुडवली जात होती. फ्रेंच सरदारांनाही हे बघवत नसे. ते म्हणत, आम्हाला लढू द्या. राजा नको म्हणे, आणि बर्ट्रांड दात-ओठ खात ती आज्ञा पाळे. एका लढाईत सगळा देश गमवायचा, की काही खेड्यांची राख सोसून देश वाचवायचा? तुम्ही काय निवडलं असतं? याचं सोपं उत्तर नाही. पण त्या निवडीची किंमत कुणी मोजली, हे विसरायचं नाही.

शवपेटीवरच्या किल्ल्या

१३७८ च्या अखेरीस राजाने ब्रिटनी फ्रान्सला जोडून टाकायचं ठरवलं. ब्रिटनीचे लोक खवळले. बर्ट्रांड तर त्यांच्यातलाच! एकीकडे राजा, दुसरीकडे आपली माती. स्वतःच्याच लोकांवर तलवार उचलायला त्याचा हात धजेना, आणि राजाला सोडणंही जमेना. राजाच्या कानात लोक संशय भरू लागले. आयुष्यातला हा त्याचा सर्वांत दुःखाचा काळ.

१३८० मध्ये राजाने त्याला दक्षिणेत लुटारू टोळ्यांचा बंदोबस्त करायला पाठवलं. शातोनफ-द-राँदों नावाच्या डोंगरी किल्ल्याला त्याने वेढा घातला. किल्लेदाराने कबूल केलं, की ठरल्या दिवसापर्यंत मदत आली नाही तर किल्ला देईन. पण वेढ्यातच बर्ट्रांड आजारी पडला, आणि १३ जुलैला त्याचा मृत्यू झाला. मरताना त्याने आपल्या सरदारांना बजावलं असं सांगतात, की लढाई कुठेही असो, बायका, मुलं, धर्मगुरू आणि गरीब माणसं ही तुमची शत्रू नाहीत.

आता किल्लेदार मोकळा झाला होता. ज्याला शब्द दिला तो तर गेला. पण त्याने शब्द पाळला. तो बाहेर आला आणि किल्ल्याच्या किल्ल्या बर्ट्रांडच्या शवपेटीवर ठेवल्या, असं फ्रान्समध्ये आजही सांगतात.

ब्रिटनीत दिनाँला पुरावं, अशी बर्ट्रांडची इच्छा होती. पण उन्हाळ्याचे दिवस आणि वाट लांबची. शेवटी त्याची चार स्मारकं झाली! आतडी ल प्युई शहरात, मांस माँफेराँला, हृदय त्याच्या लाडक्या दिनाँमध्ये, आणि अस्थी पॅरिसजवळ सेंट डेनिसच्या चर्चमध्ये. या चर्चमध्ये फ्रान्सच्या राजांना पुरत. तिथे राजा चार्ल्सने बर्ट्रांडला स्वतःच्या कबरीच्या पायाशी जागा दिली. आणि दोनच महिन्यांनी राजाही गेला. तोवर इंग्रजांच्या हाती कॅले, बोर्डो, बायॉन, ब्रेस्ट, शेरबुर्ग अशी किनाऱ्यावरची ठिकाणं आणि थोडाफार मुलूख एवढंच उरलं होतं.

मग बर्ट्रांड कसा होता?

फ्रान्समध्ये तो वीर मानला जातो. दिनाँच्या चौकात घोड्यावर बसलेला त्याचा पुतळा आहे. पण ब्रिटनीत काही लोक त्याला गद्दार म्हणतात, आपल्या मातीविरुद्ध राजाची चाकरी केली म्हणून. विसाव्या शतकात तिथे त्याचे पुतळे फोडण्याचेही प्रकार झाले. त्याच्या हाताखालच्या टोळ्यांनी लूटमार केली, निरपराध माणसांना मारलं, हेही खरं आहे. तेव्हा तो देवमाणूस होता, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण एक गोष्ट त्याच्याकडून घेण्यासारखी आहे. सहा वर्षांचा असताना राग आला म्हणून मेज उलथवणारा हा मुलगा, पन्नाशीत शत्रू डिवचत असताना हात बांधून थांबायला शिकला होता. तुटून पडणं त्याला येत नव्हतं असं नाही. ते तर त्याला पाळण्यापासून येत होतं! अवघड होतं ते थांबणं. क्रेसी आणि प्वातिएला तुटून पडले ते सरदार शूरच होते. पण त्यांच्या शौर्याने देश गेला, आणि बर्ट्रांडच्या धीराने तो परत आला.

पुढच्या वेळी मैदानावर कुणी तुम्हाला ‘हिंमत असेल तर ये’ म्हणून डिवचलं ना, तर क्षणभर थांबा. तो तुम्हाला नेमकं त्याच्या सोयीच्या जागी बोलावतोय का, हे आधी बघा. आणि मग कुठे, कधी आणि लढायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.